ना येशूचा शोध, ना शिकागोची डिग्री : रेकी सुरू करणाऱ्या मिकाओ उसुई यांची खरी गोष्ट

रेकी हे नाव तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असणारच. सोसायटीच्या नोटीस बोर्डवर चिकटवलेला क्लासचा कागद, इन्स्टाग्रामवर शांत संगीत लावून केलेली एखादी रील, नाहीतर नात्यातली एखादी मावशी, जी कुणाचं डोकं दुखायला लागलं की कपाळावर हात ठेवून रेकी द्यायला बसते.

रेकीच्या क्लासला गेलेल्या बऱ्याच जणांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट ऐकायला मिळते. ती साधारण अशी.

१९व्या शतकात जपानमधल्या क्योटो शहरात डॉ. मिकाओ उसुई नावाचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ते तिथल्या दोशिशा विद्यापीठाचे प्रमुख होते. एकदा विद्यार्थ्यांनी त्यांना विचारलं की येशू नुसत्या स्पर्शाने आजारी माणसं बरी करायचा, तर ते नेमकं कसं, हे तुम्ही करून दाखवाल का? उसुईंकडे उत्तर नव्हतं. त्यांनी नोकरी सोडली, अमेरिका गाठली, शिकागो विद्यापीठातून डिग्री घेतली. तिथेही उत्तर मिळालं नाही म्हणून परत जपानला आले, बौद्ध मठ पालथे घातले, संस्कृत शिकले आणि शेवटी जुन्या संस्कृत ग्रंथांत त्यांना उपचाराचं सूत्र सापडलं.

गोष्ट झकास आहे. अडचण एवढीच आहे की उसुई दोशिशाचे प्रमुख कधीच नव्हते. पुढे लोकांनी चौकशी केली, तेव्हा दोशिशाकडे त्यांची नोंद सापडली नाही आणि शिकागो विद्यापीठाकडेही नाही. दोशिशाची स्थापना १८७५ मध्ये नीजिमा जो यांनी केली आणि तेव्हा उसुई होते अवघे १० वर्षांचे.

मग खरे उसुई कोण होते? याचं उत्तर टोकियोतल्या एका दफनभूमीत, एका उंच दगडावर कोरून ठेवलेलं होतं. पण बाकीच्या जगाने तो दगड वाचायला जवळपास ७० वर्षं घेतली.

आधी थोडक्यात, रेकी म्हणजे काय?

रेकी हा जपानी शब्द दोन अक्षरांचा आहे. रे म्हणजे दिव्य किंवा आत्मिक आणि की म्हणजे जीवनशक्ती. आपण ज्याला प्राण म्हणतो त्याच्या जवळची ही कल्पना आहे.

रेकी मानणाऱ्यांचं म्हणणं असं की ही शक्ती सगळीकडे भरलेली आहे, शिकलेला माणूस ती आपल्या हातांतून दुसऱ्याच्या शरीरात वाहू देतो आणि त्यामुळे शरीर स्वतःला बरं करायला लागतं. समोरचा माणूस कपड्यांसकट आडवा पडतो. उपचार करणारा त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर, पोटावर, पाठीवर काही मिनिटं हलकेच हात ठेवतो. मालिश नाही, दाबणं नाही, औषध नाही. काही जण तर हात टेकवतही नाहीत, थोडे वर धरतात.

शिकण्याच्या तीन पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीवर गुरू शिष्याला एक दीक्षा देतो, त्याला आपल्याकडचे क्लासवाले अट्यूनमेंट म्हणतात. शेवटच्या पायरीवर माणूस मास्टर होतो, म्हणजे इतरांना शिकवू शकतो.

आता ज्यांच्यापासून हे सगळं सुरू झालं त्यांच्याकडे येऊ.

सामुराईंचं घराणं आणि बदलणारा जपान

मिकाओ उसुईंचा जन्म १८६५ चा. गाव तानियाई, आजच्या गिफू प्रांतातलं एक डोंगराळ खेडं. रेकीवाले जगभर त्यांचा वाढदिवस १५ ऑगस्टला साजरा करतात. पण त्या दगडावरची तारीख जपानच्या जुन्या चांद्र पंचांगाची आहे, आठव्या महिन्याचा पंधरावा दिवस, म्हणजे पौर्णिमा. जपानने आजचं कॅलेंडर स्वीकारलं ते १८७३ मध्ये. त्यामुळे आजच्या हिशोबाने त्यांचा जन्म ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो.

उसुईंचं घराणं स्वतःचं मूळ चिबा नावाच्या जुन्या सामुराई कुळाशी जोडायचं. पण पोरगा तीन वर्षांचा झाला आणि जपान उलटापालटा झाला. १८६८ मध्ये शोगुनांची सत्ता गेली, सम्राट मेइजी यांचं राज्य सुरू झालं. पुढच्या काही वर्षांत सामुराईंचे तनखे गेले, तलवार बाळगण्याचा हक्क गेला. रेल्वे आली, शाळा आल्या, पाश्चात्त्य कपडे आले.

आणि डॉक्टरही बदलले. १८७४ पासून सरकारने वैद्यकीय नियम आणले आणि पाश्चात्त्य वैद्यकशास्त्र हेच अधिकृत ठरवलं. पिढ्यान् पिढ्या चालत आलेले वैद्य मागे पडायला लागले. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते, कारण लोकांचा जुन्या उपचारांवरचा विश्वास सरकारी हुकमाने संपला नाही. तो दुसऱ्या वाटेने वर आला.

हुशार माणूस, पण नशीब साथ देईना

उसुईंच्या तरुणपणाबद्दल त्यांच्या शिष्यांनी दगडावर जे लिहून ठेवलंय, ते वाचताना थोडं आश्चर्य वाटतं. कारण गुरूच्या समाधीवर सहसा फक्त कौतुक असतं. इथे मात्र स्पष्ट म्हटलंय की माणूस गुणी होता, कष्टाळू होता, पण आयुष्यात मनासारखं घडत नव्हतं. अनेकदा अडचणीत सापडले, पण हिंमत सोडली नाही.

दगडावर असंही लिहिलंय की ते युरोप, अमेरिका आणि चीनला जाऊन आले. वाचन अफाट होतं. इतिहास, चरित्रं, वैद्यक, मानसशास्त्र, बौद्ध आणि ख्रिस्ती धर्मग्रंथ, ताओ पंथाची साधना, भविष्य सांगण्याची विद्या, चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याची विद्या, असं काही म्हणजे काही सोडलं नव्हतं.

म्हणजे ख्रिस्ती ग्रंथ त्यांनी वाचले होते, अमेरिकाही पाहिली होती. पण धर्मोपदेशक, विद्यापीठाचे प्रमुख, शिकागोची डॉक्टरेट, यातलं काहीच तिथे नाही.

त्यांच्या बायकोचं नाव सादाको. दोन मुलं झाली, एक मुलगा आणि एक मुलगी. पन्नाशी ओलांडली तरी या माणसाचं नाव जपानमध्ये कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

कुरामा डोंगरावरचे २१ दिवस

क्योटो शहराच्या उत्तरेला कुरामा नावाचा डोंगर आहे. देवदारासारख्या उंच झाडांनी भरलेला. त्यावर आठव्या शतकातलं मंदिर आहे. जपानी लोककथांमध्ये या डोंगरावर तेंगू नावाचे लांब नाकाचे वनदेव राहतात आणि त्यांच्या राजाने योशित्सुने या प्रसिद्ध योद्ध्याला इथेच तलवारबाजी शिकवली असं मानतात. मंदिरात पुजला जाणारा बिशामोनतेन हा देव मात्र आपल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे वैश्रवण, अर्थात कुबेर. बौद्ध धर्माबरोबर भारतातून निघून चीनमार्गे तो जपानला पोचला.

याच डोंगरावर उसुई उपवासाला आणि ध्यानाला बसले. शिष्यांनी कोरलेल्या मजकुराप्रमाणे २१व्या दिवशी त्यांना डोक्यावर एक मोठी शक्ती उतरल्यासारखं जाणवलं आणि त्याच क्षणी त्यांना रेकीचा साक्षात्कार झाला. आधी त्यांनी ती स्वतःवर वापरून पाहिली, मग घरच्यांवर. गुण आल्याचं दिसल्यावर ही विद्या घरापुरती ठेवायची नाही, असं त्यांनी ठरवलं.

क्लासमध्ये सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत इथे बराच मसाला आहे. दिवस मोजायला पुढ्यात मांडलेले २१ दगड, डोंगर उतरताना ठेचकाळलेलं बोट आणि ते हातात धरताच थांबलेलं रक्त, वाटेतल्या खाणावळीतल्या मुलीची दुखरी दाढ. दगडावर यातलं काहीच नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. उसुई यांनी जे सुरू केलं ते त्या काळात एकटंदुकटं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जपानमध्ये हात ठेवून, श्वासाने, मनाच्या शक्तीने उपचार करणाऱ्यांची लाटच आली होती. वर्तमानपत्रांत जाहिराती यायच्या, पुस्तकं खपायची. रेकी हा शब्दही उसुईंच्या आधी दुसऱ्या उपचारकांनी वापरलेला होता. सरकारने जुनी वैद्यकी बाजूला सारली होती, आधुनिक डॉक्टर सगळ्यांना परवडत नव्हते आणि त्या काळात डॉक्टरांकडेही क्षयासारख्या रोगावर औषध नव्हतं. मधल्या रिकाम्या जागेत हे सगळे उपचारक उभे होते. उसुई त्यांच्यापैकी एक.

मग त्यांचंच नाव का टिकलं? त्याचं एक कारण त्यांच्या शिकवण्यात आहे.

उपचाराआधी पाच नियम

एप्रिल १९२२ मध्ये उसुई टोकियोला आले. हाराजुकू भागात त्यांनी आपलं मंडळ सुरू केलं, उसुई रेकी ऱ्योहो गाक्काई. अर्थ साधा आहे, उसुईंच्या रेकी उपचारपद्धतीचं अभ्यास मंडळ. लांबलांबून लोक यायला लागले. दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलाबुटांची गर्दी व्हायची, ही आठवण शिष्यांनी मुद्दाम दगडावर कोरली आहे.

इथे आलेल्या माणसाला उसुई आधी उपचार शिकवत नसत. आधी पाच नियम. आजच्या दिवसापुरतं रागवायचं नाही, काळजी करायची नाही, मिळालेल्याबद्दल कृतज्ञ राहायचं, आपलं काम मन लावून करायचं आणि सगळ्यांशी प्रेमाने वागायचं. सकाळ-संध्याकाळ शांत बसून, हात जोडून हे नियम मनात आणि मोठ्याने म्हणायचे. जपानीत या हात जोडण्याला गाश्शो म्हणतात. आपल्या नमस्काराचाच तो बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला भाऊ.

यातला महत्त्वाचा शब्द आहे आजच्या दिवसापुरतं. जन्मभर राग सोडा असं सांगितलं तर कोण ऐकेल? पण आज एक दिवस, हे कुणालाही जमण्यासारखं होतं.

नियमांच्या जोडीला सम्राट मेइजी यांनी रचलेल्या कविता मंडळात म्हटल्या जायच्या. सम्राट १९१२ मध्ये वारले होते आणि जपानी माणसाच्या मनात त्यांचं स्थान फार मोठं होतं. रेकीचा हेतू केवळ रोग बरा करणं नसून मन सरळ ठेवणं आणि आयुष्य सुखाने जगणं हा आहे, असं दगडावर स्पष्ट नोंदवलेलं आहे. हात ठेवणं त्यानंतर येतं.

१ सप्टेंबर १९२३

टोकियोत येऊन दीड वर्षही झालं नव्हतं. १ सप्टेंबर १९२३, शनिवार, दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं कमी. घराघरात जेवणाची तयारी चालली होती, चुली पेटलेल्या होत्या. तेवढ्यात जमीन हलली.

७.९ तीव्रतेचा हा भूकंप जपानच्या इतिहासात कांतोचा महाभूकंप म्हणून ओळखला जातो. लाकडी घरं कोसळली, चुलींतल्या निखाऱ्यांनी पेट घेतला आणि वाऱ्याने आग शहरभर पसरवली. होन्जो भागातल्या एका मोकळ्या मैदानात जीव वाचवायला जमलेले सुमारे ३८ हजार लोक आगीच्या वावटळीत गेले. एकूण मृतांचा आकडा एक लाखाच्या वर.

शिष्यांनी लिहिलंय की त्या दिवसांत उसुई रोज सकाळी घराबाहेर पडायचे आणि शहरभर फिरून जखमी, आजारी लोकांवर उपचार करायचे. किती जणांवर, याची मोजदाद नव्हती.

त्यांच्या हातांतून खरंच काही शक्ती वाहत होती का, हा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवला तरी प्रसंग डोळ्यांसमोर आणून बघा. दवाखाने जळालेले, घरचे सापडत नाहीत, आणि अशा वेळी ५७ वर्षांचा एक माणूस शेजारी बसून कपाळावर हात ठेवतोय. ज्यांनी तो हात अनुभवला ते त्याला विसरणार नव्हते. उसुईंचं नाव पसरलं ते या राखेतून.

फुकुयामाचा शेवटचा मुक्काम

फेब्रुवारी १९२५ मध्ये जागा अपुरी पडायला लागली म्हणून नाकानो इथे मोठं केंद्र बांधलं गेलं. देशभरातून बोलावणी यायला लागली. शिष्यांची संख्या दोन हजारांवर गेली. त्यात घरगुती माणसं होती तशीच जपानी नौदलातली बडी अधिकारी मंडळीही होती.

उसुई बोलावतील तिथे जात राहिले. कुरे, हिरोशिमा, सागा असा दौरा करत ते फुकुयामाला पोचले. तिथेच एका मुक्कामी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ९ मार्च १९२६ रोजी ते गेले. दगडावर वय ६२ लिहिलंय, कारण जुन्या जपानी पद्धतीत जन्मताच एक वर्ष धरलं जायचं आणि दर नवीन वर्षाला एक वाढायचं. आपल्या हिशोबाने त्यांनी नुकतीच साठी पूर्ण केली होती.

हजारो लोकांना हात लावून बरं करणारा म्हणून ज्याची ख्याती झाली, तो साठीत झटक्याने गेला. त्यांच्या शिष्यांनी हे लपवलं नाही. आजार आणि मृत्यू दोन्ही दगडावर आहेत.

वर्षभराने, फेब्रुवारी १९२७ मध्ये, टोकियोतल्या साइहोजी मंदिराच्या दफनभूमीत शिष्यांनी हे स्मारक उभं केलं. मजकूर ओकादा मासायुकी यांनी रचला, अक्षरं जुझाबुरो उशिदा या नौदल अधिकाऱ्याची. उसुईंनंतर मंडळाची सूत्रं याच उशिदांकडे आली.

मग ख्रिस्ती प्राचार्याची गोष्ट आली कुठून?

त्यासाठी जपानहून हवाईला जावं लागेल.

उसुईंच्या शेवटच्या काळातल्या शिष्यांमध्ये चुजिरो हायाशी हे निवृत्त नौदल अधिकारी होते. त्यांनी टोकियोत स्वतःचं रेकी केंद्र काढलं. १९३५ मध्ये तिथे एक आजारी बाई आल्या. नाव हवायो ताकाता. जन्म १९०० चा, हवाई बेटांवरचा, म्हणून नावही हवाईवरूनच ठेवलेलं. आईवडील जपानमधून ऊसमळ्यात राबायला गेलेले. नवरा १९३० मध्ये गेला, पदरात दोन मुली, शरीराने साथ सोडलेली. टोकियोत ऑपरेशन ठरलं होतं, ते टाळून त्या हायाशींकडे गेल्या आणि काही महिन्यांत बऱ्या झाल्या, असं त्या सांगायच्या. मग तिथेच राहून त्या रेकी शिकल्या, १९३७ मध्ये हवाईला परतल्या आणि १९३८ मध्ये हायाशींनी त्यांना मास्टर केलं.

१९४१ च्या डिसेंबरमध्ये जपानने हवाईतल्या पर्ल हार्बरवर हल्ला केला. रातोरात अमेरिकेत जपानी असणं हाच गुन्हा झाला. मुख्य भूमीवरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं गेलं. अशा देशात जपानी सम्राटाच्या कविता म्हणणाऱ्या, नौदल अधिकाऱ्यांच्या मंडळाची उपचारपद्धती कोण शिकणार होतं?

अभ्यासक मानतात की ताकाता यांच्या तोंडी उसुईंची गोष्ट बदलली ती अमेरिकन श्रोत्यांसाठी. बौद्ध साधक ख्रिस्ती उपदेशक झाला, कुरामाच्या तपश्चर्येआधी येशूचा प्रश्न आला, शिकागोची डिग्री आली. मेइजींच्या कविता गळून पडल्या. उसुईंच्या मंडळात पाया असलेले पाच नियम टिकले, पण अनेक ठिकाणी ते भिंतीवरच्या फ्रेमपुरते उरले.

गोष्ट बदलली, पण त्या बदलाशिवाय रेकी जपानबाहेर टिकली नसती, हेही खरं. ताकाता यांनी १९७०च्या दशकात मास्टर तयार करायला सुरुवात केली. फी होती १० हजार डॉलर. १९८० मध्ये त्या वारल्या तेव्हा त्यांनी २२ मास्टर तयार केलेले होते. तिथून पुढे साखळी सुटली. फी उतरली, मास्टर हजारोंनी वाढले, कुणी नव्या खुणा जोडल्या, कुणी तिबेट जोडलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस रेकी भारतात पोचली आणि इथे संस्कृत सूत्रांच्या गोष्टीमुळे ती मुळात आपलीच विद्या आहे, असंही सांगितलं जायला लागलं. रेकीत बौद्ध धर्मामार्फत गेलेले भारतीय धागे आहेत, पण ती सुरू झाली १९२२ च्या टोकियोत.

साइहोजीच्या दगडाची माहिती पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोचली ती १९९०च्या दशकात. जपानमध्ये राहणारे जर्मन रेकी शिक्षक फ्रँक आर्जव पेटर यांच्या पुस्तकांमुळे तो मजकूर जगभर वाचला गेला आणि ख्रिस्ती प्राचार्याची गोष्ट कोसळली. उसुईंचं मूळ मंडळ मात्र या सगळ्या काळात जपानमध्ये शांतपणे, गाजावाजा न करता चालूच होतं.

रेकीने खरंच गुण येतो का?

ज्या शक्तीबद्दल रेकी बोलते ती आजवर कुठल्याही यंत्राने मोजता आलेली नाही.

रेकीच्या जवळच्याच, हात थोडा वर धरून करायच्या थेराप्युटिक टच नावाच्या उपचाराची एक चाचणी गाजली होती. अमेरिकेतल्या एमिली रोझा या ९ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रयोगासाठी २१ उपचारकांना पडद्याआड हात ठेवायला लावले आणि आपला हात त्यांच्या कुठल्या हाताजवळ आहे ते ओळखायला सांगितलं. नुसता अंदाज लावला तरी निम्मी उत्तरं बरोबर यायला हवी होती. २८० वेळा विचारल्यावर बरोबर उत्तरं आली १२३, म्हणजे ४४ टक्के. १९९८ मध्ये हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला.

खुद्द रेकीवरच्या ९ चाचण्यांचा आढावा २००८ मध्ये घेतला गेला. कुठल्याही आजारावर रेकी उपयोगी पडते असं म्हणण्याइतका पुरावा नाही, हा त्याचा निष्कर्ष होता.

मग लोकांना बरं का वाटतं? तासभर फोन बाजूला, खोलीत शांतता, कुणीतरी घाई न करता आपल्याकडे लक्ष देतंय, ऊबदार हात खांद्यावर आहे. एवढ्याने श्वास संथ होतो, ताण उतरतो, दुखणं सुसह्य वाटतं. हा अनुभव खोटा नाही. पण बरं वाटणं आणि रोग बरा होणं यात फरक आहे. रेकीने कुणाला इजा होत नाही. इजा होते ती रेकीच्या भरवशावर मधुमेहाची गोळी बंद केली, छातीत दुखत असताना दवाखान्यात जायला उशीर केला किंवा कॅन्सरचे उपचार पुढे ढकलले तर. जो कुणी औषधं बंद करायला सांगेल, त्याच्या क्लासमधून उठून यावं. आपल्याकडे ठरावीक गंभीर आजार चमत्काराने बरे करण्याच्या जाहिराती करायला १९५४ पासून कायद्याने बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

ज्याला रेकी शिकायचीच आहे, त्याने शिकवणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत. उसुई कोण होते? आणि पाच नियम कुठले? पहिल्याच्या उत्तरात दोशिशा आणि शिकागो आलं, तर समोरच्याने ऐकीव गोष्ट पुढे ढकलली आहे एवढं समजावं. दुसऱ्याचं उत्तरच आलं नाही, तर उसुई ज्याला पाया मानत होते तेच तिथे शिकवलं जात नाही.

साइहोजीची दफनभूमी आजही टोकियोच्या सुगिनामी भागात आहे. उसुईंची कबर, शेजारी तो मजकूर कोरलेला उंच दगड. देशोदेशीचे रेकीवाले तिथे फुलं घेऊन येतात, हात जोडतात. दगडावर ना येशू आहे, ना शिकागो. तिथे आहे गिफूच्या खेड्यातून आलेला, अनेकदा ठेचकाळलेला, पन्नाशीनंतर आपलं काम सापडलेला आणि भूकंपात रोज सकाळी घराबाहेर पडणारा एक माणूस.